आक्कांच्या खिडकीतल्या बाटल्या

आमच्या इस्पितळात बायकांच्या सर्जिकल वॉर्डाची एक खिडकी व्हरांड्यात उघडायची आणि व्हरांड्यापलीकडे थेट नगर-मनमाड रस्ता होता. त्या खिडकीच्या रुंद कट्ट्यावर टॉनिकच्या, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. त्यांत पिवळं, केशरी, गुलाबी, कधी कोऱ्या चहासारखं पाणी. सकाळचं ऊन त्यांतून आरपार आलं की मोठं बहारीचं दिसे. एकदा राहुरीच्या बाजाराला निघालेला एक शेतकरी व्हरांड्यात चढला आणि सरबत कसं दिलं म्हणून विचारू लागला. आक्कांनी त्याला शांतपणे सांगितलं, की हे विकायचं नाही, पेशंटचं आहे, आणि तहान लागली असेल तर माठ पलीकडे आहे. तो बिचारा तीन पेले पाणी पिऊन, आशीर्वाद देऊन गेला.

आक्का या त्या वॉर्डाच्या आणि ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं; आम्ही सगळे, इस्पितळाचे प्रमुख असलेले मोठे डॉक्टरसुद्धा, त्यांना आक्काच म्हणायचो. कोपरगावकडच्या शेतकरी घरातल्या. नर्सिंग शिकायला नगरला गेल्या तेव्हा वडिलांनी दोन वर्षं अबोला धरला होता म्हणे. लग्न केलं नाही. उंच, हाडापेराने मजबूत बाई, पण चालताना चपलेचा आवाज म्हणून येत नसे. वॉर्डात त्या शुद्ध दवाखानी मराठी बोलत. पेशंटच्या खाटेवर टेकल्या की मात्र कोपरगावची बोली बाहेर पडे, आणि मग माझ्यासमोर मूग गिळून बसलेली बाई त्यांना घरातलं सगळं सांगून टाकी.

बाटल्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. कुणाच्या लघवीतून रक्त जात असलं, की प्रत्येक वेळची लघवी एका स्वच्छ बाटलीत धरायची आणि खिडकीत ठेवायची. पहिली बाटली दाराच्या बाजूला, पुढची तिच्या शेजारी, अशी ओळ दाराकडून खाटेकडे सरकायची. चिकटपट्टी त्या काळी जपून वापरावी लागे, म्हणून बाटल्यांवर वेळ लिहिलेली नसे. ओळ हीच वेळ. रंग खाटेकडे फिका होत गेला तर रक्त थांबतंय, गडद होत गेला तर वाढतंय. अक्षरओळख नसलेल्या आयासुद्धा ती ओळ वाचत. बाटल्यांना हात कुणी लावायचा नाही, हा एकच नियम होता. आक्का म्हणायच्या, "माणूस खोटं बोलेल, लघवी नाही बोलायची."

मला हा सगळा प्रकार अडाणीपणाचा वाटायचा. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मुंबईहून ताजा एम. एस. होऊन आलो होतो. जिल्ह्यात खरी शस्त्रक्रिया माझ्यापासून सुरू होते असा माझा समज होता आणि तो मी कुणापासून लपवूनही ठेवत नसे. क्वार्टरच्या दारावरची पाटी रंगवून घेतली तेव्हा नावापेक्षा पदवीची अक्षरं मोठी काढायला सांगितली. पेंटरने नाव बारीक होतंय म्हणून हरकत घेतली, तर मी त्याला म्हटलं, की नाव काय, कुणाचंही असतं. उन्हाळ्यातसुद्धा मी टाय बांधायचो. राहुरीच्या उन्हात टाय बांधणारे त्या काळी दोघेच होते, एक मी आणि दुसरा कृषी विद्यापीठात आलेला औषध कंपनीचा माणूस. तो निदान संध्याकाळी सोडत असे.

आक्कांचं दुसरं एक वाक्य होतं, "आधी डोळे, मग हात." माझं सगळं उलट होतं. माझे हात शिवशिवत असायचे आणि डोळे पुस्तकातल्या आकृतीत अडकलेले असायचे. एकदा पोट धरून कळवळणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आली. मी उजव्या बाजूला बोट दाबलं, ती ओरडली, आणि मी अपेंडिक्स जाहीर करून हात धुवायला निघालो. आक्का तिच्या खाटेवर टेकल्या आणि सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारत बसल्या. मळ्यात हुरड्याची पार्टी झाली होती, आणि पैज लावून या पोरीने चार माणसांचा हुरडा एकटीने खाल्ला होता, वर दही. आक्का येऊन म्हणाल्या, की दोन तास थांबता येईल का बघा. मी तोऱ्यात थांबलो. दीड तासाने पोरगी परसाकडे जाऊन आली आणि हसत घरी गेली. मी त्या दिवशी हात धुतले होते ते धुतलेच राहिले.

असं दोन-चारदा झाल्यावर शहाणा माणूस काही शिकला असता. मी एवढंच शिकलो, की आक्का अडथळे आणतात.

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षीचा गळीत हंगाम होता. साखर कारखान्याच्या पट्ट्यात पाथर्डीकडच्या टोळ्या ऊसतोडीला उतरल्या होत्या. एका सकाळी कौसाबाई नावाची बाई बैलगाडीतून आली. वय तिशीच्या आत. डोक्यावर मोळी घेताना डाव्या बरगडीखाली काहीतरी फुटल्यासारखं झालं, ती जागीच बसली, आणि नंतर लघवीला गेली तर सगळं रक्त. पडली नव्हती, मार लागला नव्हता. चेहरा पांढराफटक, नाडी पळत होती, डाव्या कुशीत हाताला मोठा गोळा लागत होता. तिचा नवरा भानुदास कोयता हातात तसाच घेऊन आला होता, तो खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

मूत्रपिंडातून आपोआप रक्तस्राव, आणि आत गाठ. निदान माझ्या डोक्यात घंटेसारखं वाजलं, की कॅन्सर. मूत्रपिंड काढलं पाहिजे. खरं सांगायचं तर त्या घंटेत आनंदाचाही एक सूर होता. अख्खं मूत्रपिंड काढण्याची शस्त्रक्रिया मी तोवर मुंबईत माझ्या सरांच्या समोर उभं राहून, चिमटे धरून पाहिली होती. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावावर एकही केली नव्हती. भानुदासने मला विचारलं, "डाक्टर, जगंल ना ती?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून इतका धीर दिला, की मलाच माझा अभिमान वाटला.

मोठ्या डॉक्टरांनी आधी रक्त चढवा, बाईला सावरू द्या, असं सांगितलं. नगरहून रक्ताच्या दोन बाटल्या आल्या, तिसरी भानुदासने दिली. आक्कांनी तिला खिडकीजवळच्या खाटेवर हलू न देता सपाट निजवलं, कुशीला आवळ पट्टा बांधला आणि खिडकीत पहिली बाटली ठेवली. ती डाळिंबाच्या रसासारखी होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओळीत सहा बाटल्या झाल्या.

नेमक्या त्याच दुपारी इस्पितळाचे दोन ट्रस्टी पाहणीला आले. दोघेही वयस्क, भारदस्त, फेटेवाले. मला वाटलं, नवा सर्जन काय चीज आहे हे यांना कळण्याची हीच वेळ. वॉर्डात बायका असल्याने ते आत यायला संकोचत होते, म्हणून मी व्हरांड्यात गेलो, बाहेरून खिडकीत हात घालून सगळ्या बाटल्या एका ट्रेमध्ये काढल्या आणि त्यांना उन्हात धरून मूत्रपिंडाच्या रक्तस्रावावर व्याख्यान दिलं. व्याख्यान मोठं चांगलं झालं असावं, कारण एका ट्रस्टींनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी बाटल्या दाखवत होतो, पाहत मात्र नव्हतो. माझे डोळे त्या दोघांच्या चेहऱ्यांवर होते. बोलणं संपल्यावर मी बाटल्या परत कट्ट्यावर लावल्या, नीट, क्रमाने, माझ्या डावीकडून उजवीकडे.

वॉर्डातून पाहिलं की दार डाव्या हाताला येतं. व्हरांड्यातून पाहिलं की उजव्या हाताला. ही गोष्ट सातवीतल्या मुलाला कळेल. मला कळायला तीन वर्षं लागली.

जेवून मी वॉर्डात आलो आणि खिडकीकडे पाहून थबकलो. दाराकडे फिका गुलाबी रंग, आणि खाटेकडे येता येता थेट डाळिंब. रक्त वाढत होतं. एरवी ज्या ओळीला मी हसायचो, ती माझ्या मनासारखं बोलू लागल्यावर तिच्यावर माझा एकदम विश्वास बसला. ट्रस्टी अजून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत चहा घेत होते. मी तिथे गेलो आणि सर्वांसमोर जाहीर केलं, की पेशंट हातची जाते आहे, तासाभरात मूत्रपिंड काढतो. मोठ्या डॉक्टरांनी रंगीत औषध देऊन दोन्ही मूत्रपिंडांचा फोटो काढावा असं सुचवलं. मी म्हटलं, फोटो काढत बसलो तर बाई फोटोतच राहील. ट्रस्टींना ते वाक्य आवडलं.

आक्कांना बोलावणं गेलं. त्या आल्या, माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाडी ब्याण्णव आहे डॉक्टर, सकाळपेक्षा बरी. आणखी एक बाटली बघू. तासाभरात होईल." मी म्हटलं, की निर्णय झालेला आहे, थिएटर लावा. त्यांनी माझ्याकडे आणि मग ट्रस्टींकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

मी टाय सोडून, बाह्या सरसावून तयार झालो तेवढ्यात त्या परत आल्या. निर्जंतुक केलेल्या कपड्यांचे दोन्ही ड्रम ओले निघाले होते. ओल्या कपड्यांवर पोट उघडता येत नाही, जंतू शिरतात. पुन्हा वाफेवर घालून, सुकवून व्हायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडणार. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, आक्का, तुमच्या हातून असं कसं झालं. त्या म्हणाल्या, "माझ्या हातून झालं. चूक माझी."

मी जो भडकलो, तो आजही आठवला की कानशिलं तापतात. ट्रस्टींच्या देखत मी आक्कांना काय काय बोललो ते लिहीत नाही. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. खोलीवर जाऊन मी इंग्रजीत पानभर तक्रारअर्ज लिहिला. त्यात अक्षम्य निष्काळजीपणा होता, मानवी जिवाशी खेळ होता आणि एका ठिकाणी लॅटिन शब्दसुद्धा होता. अर्ज लिहून झाल्यावर मी तो मोठ्याने वाचून पाहिला. भाषा उत्तम साधली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाईची लघवी गव्हाच्या काडाच्या रंगाची झाली होती. मी आदल्या संध्याकाळी रक्त थांबवायचं एक इंजेक्शन दिलं होतं, त्याचाच हा गुण असं मी सगळ्यांना सांगितलं. ड्रम सुकेपर्यंत वेळ होताच, म्हणून मोठ्या डॉक्टरांच्या आग्रहाखातर फोटो काढला. तो उजेडासमोर धरला. डावं मूत्रपिंड गाठींनी वेडंवाकडं झालं होतं, आणि उजवंही तसंच होतं. मी आदल्या दुपारी डावं काढलं असतं आणि वर्ष-सहा महिन्यांत उजवं फुटलं असतं, तर त्या बाईला जगायला काहीच उरलं नसतं.

मुंबईला सरांना ट्रंक कॉल लावला. अडीच तासांनी लागला. मी सगळं सांगितल्यावर पलीकडून सरांनी विचारलं, की तिच्या चेहऱ्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक पुरळ आहे का. मला आठवेना. मी दोन दिवस त्या बाईची कूस पाहिली होती, चेहरा पाहिला नव्हता. शेजारी आक्का उभ्या होत्या. माझी तक्रार त्यांच्या नावावर दाखल झाल्याला एक दिवस झाला होता. त्या हळूच म्हणाल्या, "आहे म्हणून सांगा. लहानपणापासून आहे. नखांच्या कडेलासुद्धा बारीक कोंब आहेत. आणि पोरपणी तिला फिट यायच्या." मी पोपटासारखं ते सगळं फोनमध्ये सांगितलं. सर म्हणाले, की तुझी नजर चांगली तयार झाली आहे. मी थँक यू म्हटलं.

सरांच्या मते हा कॅन्सर नव्हता. चरबीच्या, रक्तवाहिन्यांच्या अशा साध्या गाठी काही लोकांच्या दोन्ही मूत्रपिंडांत जन्मजात विकारामुळे होतात. त्या कॅन्सरसारख्या पसरून जीव घेत नाहीत, पण मोठ्या झाल्या की एखाद्या दिवशी फुटून रक्त वाहू लागतं. म्हणून कापायचं जितकं टाळता येईल तितकं टाळायचं. बाईला मुंबईला घेऊन ये, म्हणाले. आक्कांनी स्वतःची रजा टाकली आणि आमच्याबरोबर निघाल्या. तुम्ही कशाला येता असं त्यांना कुणी विचारलं नाही, कारण कौसाबाईने त्यांचा पदर धरला होता तो सोडलाच नव्हता.

मुंबईत तिसऱ्या दिवशी बाटली पुन्हा लाल झाली. आता मात्र काढावंच लागणार, असं मी म्हणून बसलो. सर नुकतेच परदेशातून एक नवीन गोष्ट पाहून आले होते आणि ती इथे करायला कचरत होते. मांडीच्या सांध्यातल्या रोहिणीत सुई घालायची, तिच्यातून तार, तारेवरून बारीक नळी, आणि ती नळी पडद्यावर पाहत पाहत मूत्रपिंडाच्या रोहिणीपर्यंत न्यायची. मग जी फांदी गळतीय तेवढीच बुजवायची. बुजवायला पेशंटच्याच रक्ताची गुठळी. ती पुढे विरघळेल, पण तोवर आतली जखम धरेल, असा अंदाज. टाका नाही, चिरा नाही, भूल म्हणजे मांडीला टोचायची तेवढीच. सरांनी भानुदासला खरं ते सांगितलं, की हे आपल्याकडे जवळजवळ कुणी केलेलं नाही, नळी चुकीच्या जागी गेली तर दगाही होऊ शकतो. भानुदासने आक्कांकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, "ती शुद्धीवर राहणार हाय. मी तिचा हात धरून हाय." त्याने अंगठा दिला.

त्या अंधाऱ्या खोलीत शिशाचा जड झगा घालून मी उभा होतो आणि माझ्याकडे काम होतं वाटी धरण्याचं. स्टीलच्या वाटीत कौसाबाईचं रक्त काढून ठेवलं होतं, ते गोठायची वाट पाहायची. पडद्यावर औषध सुटलं आणि डाव्या बाजूला वेलींचं जाळं पसरल्यासारखं दिसलं, त्यातल्या एका फांदीतून धूर निघावा तसं औषध बाहेर पाझरत होतं. कौसाबाई टक्क जागी होती. तिने वाटीकडे बोट करून आक्कांना विचारलं, "माजंच रगात मलाच बूच म्हून लावत्यात का काय?"

आक्का म्हणाल्या, "व्हय. घरचंच हाय, कुनाचे उपकार न्हाईत."

सर हसले आणि त्यांचा हात स्थिर झाला. गुठळीचे बारीक तुकडे सिरिंजमधून नळीत गेले. पुन्हा औषध सोडलं तेव्हा ती एक फांदी दिसेनाशी झाली होती आणि बाकी मूत्रपिंड शाबूत होतं. मांडीवर आक्कांनी स्वतः अर्धा तास तळहात दाबून धरला. चार दिवसांनी कौसाबाई दोन्ही मूत्रपिंडांसह आणि मांडीवर तिळाएवढा डाग घेऊन पाथर्डीला गेली. मोळी आता उचलायची नाही, असं तिला बजावलं होतं.

पुढे काय व्हायचं ते झालं. मी प्रसिद्ध झालो. नगरच्या डॉक्टरांच्या सभेत मी "मूत्रपिंड वाचवताना शल्यचिकित्सकाचा संयम" या विषयावर पाऊण तास बोललो. संयम हा शब्द मी त्यात किती वेळा वापरला ते देव जाणे. आणि त्याच उन्हाळ्यात इस्पितळाच्या मेट्रन निवृत्त झाल्या. ती जागा आक्कांची हे शेंबडं पोरही सांगत होतं. पण समितीपुढे माझा अर्ज होता, लॅटिन शब्दासकट. बाहेरून एक मेट्रन आल्या. आक्कांना पहिल्या दिवशी त्यांना सगळं इस्पितळ हिंडून दाखवताना मी पाहिलं, आणि शिस्तीला पर्याय नाही असं स्वतःशी म्हटल्याचं मला पक्कं आठवतं. दोन वर्षांनी आक्का वॉर्डाच्या सिस्टर म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोपाच्या सभेत माझं भाषण झालं. त्यात मी त्यांच्या हातून झालेल्या एका चुकीचा मोठ्या मनाने उल्लेख टाळला.

कौसाबाई दर हंगामात तपासायला यायची. मोळी सोडून ती टोळीचा स्वयंपाक करू लागली होती. आक्का गेल्यानंतरच्या हंगामात आली ती वॉर्डभर हिंडली आणि आक्का कुठं हायेत म्हणून विचारू लागली. मी सांगितलं, की निवृत्त झाल्या. मेट्रन होऊन का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, एकदा ड्रम ओले राहिले होते, त्यामुळे ते जमलं नाही.

कौसाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "डाक्टर, राग मानू नगा. तुमी भाईरनं बाटल्या उलट्या लावल्या हुत्या. म्या खाटंवरनं बघत हुते. आक्काला म्या सांगितलं, तर म्हनल्या, गप ऱ्हा, कुनाला बोलू नगं. आन् चंबू भरून पानी घिऊन त्या तिकडल्या खोलीत गेल्या."

त्या रविवारी मी एस. टी. ने कोपरगावला गेलो. गोदावरीच्या अंगाला, उसाच्या मळ्यात आक्कांच्या भावाचं घर होतं. आक्का ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मी वाटेत फार चांगली वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. नुसतं विचारलं, "ड्रममध्ये पाणी तुम्ही ओतलंत?"

"वतलं. खोटं बोलायला नको म्हणून. मी सांगितलं तवा ड्रम वलेच हुते."

मी म्हटलं, की उद्याच समितीला पत्र लिहितो, तक्रार मागे घेतो, सगळं कळवतो. त्या म्हणाल्या, की आता कशाला, मेट्रन व्हायचं वय गेलं, आणि नव्या बाई चांगल्या आहेत. माझा आवाज चढला. मला बाजूला घेऊन सांगायचं होतं ना, असं मी म्हणालो, जणू अन्याय माझ्यावरच झाला होता. मी काय ऐकलं नसतं?

आक्कांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"न्हाई, ऐकलं नसतं, डॉक्टर. तुमी चार लोकांत बोलून बसला हुता. चूक दाखवली असती तर तुमी हट्टानं कापलं असतं. म्हणून म्हटलं, चूक माजी असूं दे. माज्यावर रागावून तुमी खोलीवर जाल, आन् बाईला रात्र मिळंल."

त्या म्हणाल्या ते खरं होतं. त्या दुपारचा मी मला चांगला ठाऊक आहे. आक्कांनी बाटल्या सुलट लावून दाखवल्या असत्या, तर सिस्टरने मला शिकवू नये म्हणून, दोन फेटेवाल्यांच्या देखत खाली बघावं लागू नये म्हणून, मी एका तिशीच्या आतल्या बाईची कूस उघडली असती आणि तिचं मूत्रपिंड वाटीत काढून ठेवलं असतं. एवढ्यासाठीच. आक्कांनी पेशंटची नाडी पाहिली तशी माझीही पाहिली होती, आणि त्याची किंमत स्वतः भरली होती. मी त्यांच्या ओट्यावर रडलो. त्यांनी मला रडू दिलं आणि मग भावजयीला चहा टाकायला सांगितलं.

पत्र मी लिहिलंच. समितीने ते दप्तरी दाखल केलं. आक्का पुढे सात-आठ वर्षं होत्या. त्या गेल्याचं मला कौसाबाईकडून कळलं. तिला माझ्याआधी कळलं होतं.

मी नंतर बरीच वर्षं माणसं कापली. आता तर चिरा न देता नळीतून काय काय करतात, आणि आमच्या गावातही करतात. इस्पितळात मला अजून अधूनमधून सल्ल्याला बोलावतात. एखादी सिस्टर माझा निर्णय ऐकून नुसतं "बरं" म्हणाली आणि वळली, की मी लगेच खुर्चीतून उठतो. मी तिला थांबवतो आणि विचारतो, की बाई, तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. ती मान खाली घालते आणि म्हणते, काही नाही सर. मी पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारतो. पुष्कळ जणी तरीही सांगत नाहीत. इतकी वर्षं झाली, पण मी अजून तसाच दिसत असणार.